सोलापुरात राहून कॉमिक काढते त्याबद्दल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा-तेरा वर्षं मी सोलापुरात राहून कॉमिक काढते. शाळेत, प्रदर्शनात, लग्नाच्या पंगतीत आणि पत्रांतूनही लोक तेच तेच विचारतात. प्रत्येकाला मनासारखं उत्तर द्यायचं तर त्या दिवसाचं पान राहून जातं, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. एखाद्या गोष्टीबद्दल दुसरीकडे जास्त लिहिलं असेल तर तिथं त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. तुम्ही नक्की काय करता? व्यंगचित्र आणि कॉमिक एकच ना?

नाही. व्यंगचित्र बहुतेक वेळा एका चौकटीत आपलं म्हणणं संपवतं. कॉमिकमध्ये गोष्ट चौकटीमागून चौकट पुढे सरकते आणि तिचा जीव दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत असतो. पहिल्या चौकटीत हातातून कप निसटलाय, दुसरीत फरशीवर तुकडे आहेत. कप फुटल्याचा आवाज कुठंच काढलेला नाही, पण वाचणाऱ्याला तो ऐकू येतो. आपल्याकडे ही कला नवी नाही. कोकणात पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातल्या कथा गात आले आहेत. चित्र, मग पुढचं चित्र, आणि मधलं सगळं आवाजानं भरून काढायचं.

माझ्या कामात गोष्ट बहुतेक वेळा दुसऱ्याची असते. पानाची मांडणी, पेन्सिल, शाई आणि अक्षरं माझी. रंग कधी मी भरते, कधी सहकारी भरतो.

२. यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागत नाही का?

काम पाठवायला जावं लागत नाही. पान स्कॅन करून पाठवलं की झालं. महत्त्वाची भेट असेल तेव्हा रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसायचं, सकाळी मुंबई.

सोलापूर मला कामासाठीच हवं आहे. माझे वडील चादरीच्या कारखान्यात नक्षीचे आलेख काढायचे. जॅकार्ड मागावर मोर उमटवायचा तर आधी तो चौकटीच्या कागदावर चौकोन भरून काढावा लागतो. मग त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, आणि एकेक पुठ्ठा एकेका आडव्या धाग्याच्या वेळी कुठले उभे धागे उचलायचे ते मागाला सांगतो. वडील मोराची मान गोल दिसावी म्हणून एक चौकोन खोडायचे, लांबून बघायचे, परत भरायचे. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. चित्र म्हणजे शेकडो छोटे निर्णय असतात हे मी त्या कागदावर शिकले.

३. ताई, तुमचा दिवस कसा असतो?

साडेपाचला उठते. सहा ते साडेसात वही घेऊन बाहेर असते (कुठं, ते प्रश्न ११ मध्ये). आठ ते बारा शाई. शाईचं काम मी सकाळीच करते, कारण हात ताजा असतो आणि उत्तरेच्या खिडकीतून सारखा, सावली न हलणारा उजेड येतो. जेवून अर्धा तास आडवी होते. तीन ते सहा स्कॅनिंग, अक्षरं, रंग. रात्री जेवणानंतर दुसऱ्या दिवशीच्या पानाचे काड्यापेटीएवढे आराखडे काढते, चार-पाच, आणि त्यातला एक निवडून झोपते. हे मी चुकवत नाही. सकाळी कोऱ्या कागदासमोर बसायची वेळ आली तर पहिला तास वाया जातो.

आता पाण्याच्या दिवसाबद्दल, कारण सोलापूरकर हे हमखास विचारतात. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, आणि आलं की पिंप, हंडे, टाकी, सगळं भरेपर्यंत घरातलं कुणी दुसरं काम करत नाही. म्हणून महिन्याचं वेळापत्रक लावताना मी पाण्याचे दिवस आधी खुणावते आणि त्या दिवशी फक्त पेन्सिलचं काम ठेवते. पेन्सिल खाली ठेवून उठता येतं. अर्धी ओढलेली ओली रेघ सोडून उठलं की परत येऊन जोडलेला सांधा छापल्यावरही दिसतो.

४. एक पान काढायला किती वेळ लागतो?

मला दीड ते दोन दिवस. पेन्सिलला चार-पाच तास, शाईला तेवढेच, अक्षरांना तास-दीड तास, रंगाला अर्धा दिवस. चोवीस पानांच्या पुस्तकाला सगळ्या दुरुस्त्या धरून दोन महिने धरते. गर्दीचं पान मात्र या हिशेबात बसत नाही. मंगळवार बाजाराचं एक पान मी सहा दिवस काढत होते.

५. कागद, शाई, निब कुठली? सोलापुरात मिळतं का सगळं?

सरावाला साधा कार्ट्रिज पेपर, छापायच्या पानाला ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, गुळगुळीत ब्रिस्टॉल. पान छापायच्या आकाराच्या साधारण दीडपट मोठं काढायचं. लहान करून छापलं की रेघ घट्ट दिसते आणि हाताचा थोडासा कंप झाकला जातो. सुरुवातीची रचना फिकट निळ्या पेन्सिलीनं करते, स्कॅन केल्यावर तो निळा सहज काढून टाकता येतो. त्यावर काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, २ नंबरचा गोल ब्रश आणि जी-निब (टाकाची निब, दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक होते).

नव्या निबेवर तेलाचा पातळ थर असतो. तो काढला नाही तर शाई निबेवर टिकत नाही, थेंब होऊन पानावर पडते. थोडी टूथपेस्ट लावून निब धुवायची आणि कापडानं कोरडी करायची. वॉटरप्रूफ शाई ब्रशात वाळली तर तो ब्रश गेलाच, म्हणून फोन वाजला तरी आधी ब्रश पाण्यात.

कागद, शाई, ब्रश नव्या पेठेत मिळतात. निबा मी बाहेरून मागवते.

६. उन्हाळ्यात कसं काम करता? घामानं कागद खराब होतो.

एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा तीन गोष्टी होतात. घाम कागदात मुरतो आणि त्या जागी शाई पसरते, बाटलीतली शाई दाट होते, आणि पंख्याखाली रेघ ओढता ओढता ब्रशाचं टोक सुकतं. तळहाताखाली मी जुन्या सुती साडीचा चौकोनी तुकडा ठेवते. टिश्यू पेपर घामानं चिकटतो, सुती कापड चिकटत नाही. शाई छोट्या झाकणात थोडी थोडी काढून घेते, घट्ट वाटली तर डिस्टिल्ड वॉटरचे दोन थेंब. पंखा पाठीमागे. आणि त्या दोन महिन्यांत शाईची वेळ आठऐवजी सहा ते दहा करते, सकाळचं फिरणं संध्याकाळी जातं.

७. हातानं काढणं चांगलं की टॅबवर?

दोन्ही चालतं. पैसे नसतील तर क्रिटा नावाचं मोफत सॉफ्टवेअर चित्रासाठी उत्तम आहे. मी शाई कागदावर करते कारण पुसता येत नाही म्हणून मी रेघेआधी विचार करते. तुमचा हात टॅबवर मोकळा चालत असेल तर टॅबवर काढा. छपाईसाठी रेघेचं स्कॅनिंग ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) करा, आणि पानाच्या चारी कडांना कापणीसाठी ३ मिलिमीटर जास्तीचं चित्र ठेवा. हे कुणी सांगत नाही आणि पहिल्या पुस्तकाची कड पांढरी येते.

८. बबलमधली मराठी अक्षरं नेहमी वेडीवाकडी किंवा कोंबलेली का दिसतात?

हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे उत्तर लांब आहे.

पहिलं कारण असं की बबलचा, म्हणजे संवादाच्या फुग्याचा, आकार इंग्रजी कॉमिकवरून उचललेला असतो. तिथं सगळी मोठी अक्षरं एका उंचीची असतात. आपल्या ओळीला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, रुकार. दोन ओळी इंग्रजीइतक्या जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. ‘तू कुठून’च्या खाली ‘किती’ लिहून बघा. मी दोन ओळींत अक्षराच्या उंचीच्या दीडपटीच्या आसपास अंतर ठेवते.

दुसरं, आपले शब्द लांब होतात, कारण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय चिकटून येतात. ‘दरवाज्याजवळच्या’ हा एक शब्द बबलची रुंदी खातो, आणि तो मध्येच तोडला की वाचणारा अडखळतो. म्हणून मी आधी अक्षरं लिहिते, मग त्यांच्याभोवती बबल काढते, आणि मग चित्र त्या बबलला जागा देतं. वाक्य बसत नसेल तर अक्षर बारीक करायचं नाही. लेखकाला फोन करून वाक्य छोटं करायचं. तीन ओळींपेक्षा मोठा बबल दिसला की मी फोन उचलते.

तिसरं संगणकाचं. फोटोशॉपमध्ये मजकुराच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडलेलं नसेल तर वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाते आणि जोडाक्षर फुटतं. इनडिझाइनमध्ये तेच काम ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ करतो. माझं एक पुस्तक छापून आलं तेव्हा चौदाव्या पानावर ‘शक्ती’तला क पाय मोडून वेगळा पडला होता. फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली गेली होती. प्रती परत येणार नव्हत्या. तेव्हापासून मी छापायला देताना अक्षरांचे आकार रेघांत बदलून देते, म्हणजे समोर फॉन्ट असो-नसो, अक्षर हलत नाही. मजकूर असलेली मूळ फाइल मात्र वेगळी जपायची, नाहीतर दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करता येत नाही.

फॉन्ट हवा असेल तर ‘कलम’ हा हस्ताक्षरासारखा आहे, ‘बालू’ जाडजूड आणि आनंदी आहे. दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, पुस्तकात वापरायला पैसे लागत नाहीत. आवाजाची अक्षरं मात्र हातानंच काढा. शिरोरेखा हे आपल्याकडचं मोठं हत्यार आहे. माणूस घाबरला की ती थरथरते, ओरडला की तुटते आणि प्रत्येक अक्षर वेगळं उडतं, कुजबुजला की मी ती काढतच नाही. मागाचा आवाज काढताना मी ‘खटखटखट’ची एकच शिरोरेखा पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढते, चौकटींच्या वरून. अशोक चौकाकडच्या गल्लीत उभं राहिलं की तो आवाज असाच असतो, सुरुवात-शेवट नसलेला.

९. पात्रांना सोलापुरी बोली देता का? बाकीच्या महाराष्ट्राला कळते का?

देते, आणि कळते. ‘काय करलालाव बे?’ हे वाक्य नागपूरच्या वाचकालाही चित्राच्या आधारानं कळतं. ‘बे’ आमच्याकडे प्रेमानं म्हणतात, शिवी म्हणून नाही, हे पात्राच्या चेहऱ्यावर दाखवायचं काम माझं. पण सगळं पुस्तक बोलीत लिहिलं तर लहान मुलं दमतात. निवेदन साध्या मराठीत आणि संवाद बोलीत, असं मी ठरवलं आहे. आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच नळावर ऐकू येतात. तेलुगू पात्र घरात आईशी मराठीत बोलताना दाखवलं की खोटं वाटतं, म्हणून तिथं मी एखादी हाक तेलुगूत ठेवते, आणि ती शेजारच्यांना वाचून दाखवल्याशिवाय छापत नाही.

१०. कामाच्या धबडग्यात फिरायला वेळ कसा मिळतो?

फिरणं मी कामातच धरते. ज्या आठवड्यात बाहेर पडत नाही त्या आठवड्यातली माझी माणसं एकाच पद्धतीनं उभी राहतात, सगळ्यांच्या चपला सारख्या होतात. म्हणून रोजचा दीड तास आणि आठवड्यातला एक पूर्ण दिवस बाहेर. त्या दिवशी टेबलाचं काम नाही. कडक भाकरी, शेंगाची चटणी, पाण्याची बाटली, वही, दोन पेनं. कडक भाकरी चार दिवस टिकते आणि सांडत नाही, वही घेऊन फिरणाऱ्याला याहून चांगला डबा नाही.

११. स्केचिंगला सोलापुरात आणि आसपास कुठं जावं?

अगदी नवीन असाल तर सिद्धेश्वर तलावाच्या काठावर जा. एका बाजूला पाण्यातलं देऊळ, दुसऱ्या बाजूला भुईकोट किल्ल्याचे बुरूज, दोन्हींचं पाण्यातलं प्रतिबिंब. सकाळी साडेसहाला येणाऱ्या माणसांना घाई नसते, त्यामुळे ती बराच वेळ एका जागी उभी राहतात. किल्ल्याच्या भिंती काढताना प्रत्येक दगड काढू नका. कोपऱ्यातले आठ-दहा दगड नीट काढले की बाकीचे वाचणारा स्वतःच रचतो.

हालचाल शिकायची असेल तर मंगळवार बाजार. भाजीवालीचा तराजू धरलेला हात, पोत्याला टेकलेला हमाल. इथं एका चित्राला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त मिळत नाही आणि तेच चांगलं आहे.

पक्ष्यांसाठी हिवाळ्यात तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव. बार्शी रस्त्यावर नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, १९७९ पासूनचं. माळढोक दिसेल या आशेवर जाऊ नका, तो फार थोडा उरला आहे. पण काळवीट दिसतात, आणि तो माळ बघण्यासारखा आहे. पानावर ऐंशी टक्के आभाळ आणि खाली गवताची एक पट्टी ठेवूनही चित्र पूर्ण वाटतं हे मला तिथं कळलं. त्याआधी मी चौकटी ठासून भरायचे.

पावसाळ्यात नळदुर्ग. हैदराबाद रस्त्यावर पन्नासेक किलोमीटर. बोरी नदी किल्ल्यातल्या बांधावरून कोसळते, त्या दोन धारांना नर-मादी म्हणतात, आणि बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. तिथं वही भिजते, म्हणून पेन्सिलच न्या.

आणि अक्षरांवर प्रेम असेल तर दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीना जिथं मिळतात तिथं संगमेश्वराचं जुनं देऊळ आहे, आणि त्यात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा, मराठी मजकुराचा शिलालेख आहे. जो हे वाचील तो विजयी होईल अशा अर्थाची ओळ त्यात आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वहीत ती अक्षरं उतरवायला दोन तास बसले होते. कोरणाऱ्यानं जागा कमी पडल्यावर काय केलं, अक्षरांमधली पोकळी कशी सांभाळली, ते बोट फिरवल्यासारखं बघत गेले. त्याचा प्रश्न माझ्या बबलचाच होता.

१२. गड्ड्याच्या यात्रेत एवढ्या गर्दीत चित्र कसं काढता?

उभ्यानं, तळहातात मावेल एवढ्या वहीत, आणि चेहरे न काढता. गड्डा म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा; संक्रांतीच्या सुमाराला तिच्यात सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, निघतात, ते पेलणारे पांढऱ्या बाराबंदीत असतात. मी आधी फक्त काठीचा कल आणि पेलणाऱ्याच्या पाठीची कमान काढते. एवढी उंच काठी कमरेवर पेलली की माणूस मागे कसा झुकतो, पाय किती फाकतो, हे एका रेघेत पकडायचं. बाकी घरी येऊन. अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या, दिवशी संमती कट्ट्याजवळ वही काढायला जागाच नसते. तिथं मी फक्त ऐकते. ‘हर्र बोला हर्र’ मधला तो ‘र्र’ कागदावर किती लांब ओढायचा हे घरी बसून ठरत नाही.

होम मैदानावरचे पाळणे आणि दुकानं दुपारी काढा, तेव्हा गर्दी कमी असते.

१३. हात काढायला कसे शिकलात? माझे हात केळ्याच्या घडासारखे दिसतात.

शेजारच्या अक्कांकडे बघून. त्या बिड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, बाजूला भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं. पान कात्रीनं मापात कापलं जातं, डाव्या हाताच्या बोटांवर येतं, उजवा हात चिमूट टाकतो, दोन्ही अंगठे एकदम पुढे सरकतात, आणि करंगळीनं तोंड दाबेपर्यंत दोरा गुंडाळलेला असतो. मी वर्षभर रोज संध्याकाळी वीस मिनिटं त्यांच्या समोर बसायचे. पहिले दोन महिने काहीच जमलं नाही, कारण मी बोटं काढत होते. एकदा अक्का म्हणाल्या, “बोटं कशाला बघतीस, अंगठा बघ. बोटं त्याच्या मागं येतात.” त्या दिवसापासून मी हात काढताना अंगठ्यापासून सुरुवात करते.

तुमच्या घरात कुणी भाकरी थापत असेल, शिवत असेल, तिथं बसा.

१४. अनोळखी माणसाचं चित्र काढलं तर लोक रागावत नाहीत?

क्वचित. लपून काढलं तर रागावतात, समोर बसून काढलं तर मागे येऊन बघतात. कुणी ‘नको’ म्हटलं तर तिथंच थांबायचं आणि हवं असेल तर ते पान फाडून त्यांनाच द्यायचं. दुःखात असलेल्या माणसाचं, देवापुढे डोळे मिटलेल्याचं चित्र मी काढत नाही. गाभाऱ्याकडे वही उघडत नाही. मुलींनो, एकट्या जात असाल तर भिंतीला पाठ लावून बसा आणि ओळखीच्या चहावाल्याजवळ जागा धरा. मी अजूनही तसंच करते.

१५. ओळखीच्या माणसाचा चेहरा पात्राला दिला तर चालतो का?

चांगल्या पात्राला दिला तरी विचारूनच. वाईट पात्राला देऊच नका. मी तीन-चार माणसं मिसळते: एकाचं नाक, दुसऱ्याची चाल, तिसऱ्याचा शर्ट. अक्कांचे हात मात्र मी जसेच्या तसे वापरले आहेत. त्यांना विचारून, आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर आभार मानून.

१६. ऐतिहासिक व्यक्ती काढताना काय काळजी घेता?

सोलापूरच्या मुलांसाठी काढायचं म्हटलं की चार हुतात्मे आणि डॉ. कोटणीस येतातच. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० च्या मे महिन्यात इथं मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले.

काळजी दोन प्रकारची. एक, वस्तूंची: टोपी, धोतराची नेसण, पोलिसांचा गणवेश, रस्त्यावरचे दिवे. प्रत्येकाचा जुना फोटो मिळाल्याशिवाय मी शाई लावत नाही. दोन, तोंडी घातलेल्या वाक्यांची. ते असं म्हणाले याचा पुरावा नसेल तर बबल नाही. अशा जागी मी पात्राला गप्प ठेवते आणि घटना निवेदनात सांगते. फाशीचा प्रसंग मी चौकटीत काढला नाही. चार जोडी चपला काढल्या.

१७. पैसे मिळतात का? दर कसा ठरवायचा?

मिळतात, पण दर महिन्याला सारखे नाहीत, म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नका. दर पानावर ठरवा, पुस्तकावर नाही, कारण पानं वाढतात. किती वेळा दुरुस्ती करणार ते आधीच लिहा. काही रक्कम काम सुरू करताना घ्या. व्यावसायिक मोबदल्यातून साधारण १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच घेतलेला आयकर, कापला जातो. तो गेला असं समजू नका, विवरणपत्र भरलं की हिशेबात येतो.

१८. चित्रांचे हक्क कुणाचे? करारात काय बघायचं?

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. नियम असा की ज्यानं चित्र काढलं त्याचा हक्क, आणि नोंदणी केली नसली तरी तो असतो. तो तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं टिकतो. अपवाद महत्त्वाचे आहेत. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून काढलं तर पहिला हक्क मालकाचा. कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन पोर्ट्रेट किंवा पेंटिंग केलं आणि उलट काही लिहून घेतलं नाही, तर हक्क काम सांगणाऱ्याचा. म्हणून लिहून घ्या.

हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतं. कलम १९ नुसार मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. घेतलेले हक्क एका वर्षात वापरलेच नाहीत तर, करारात वेगळं ठरलं नसल्यास, ते परत तुमच्याकडे येतात. सगळे हक्क दिले तरी चित्रकार म्हणून तुमची ओळख तुमचीच राहते, हे कलम ५७ सांगतं. करारात ‘कायमचे’, ‘सर्व माध्यमांत’ असे शब्द दिसले की तिथं थांबून वकिलाला दाखवा. मी पहिल्या करारात थांबले नव्हते, आणि त्या पुस्तकातली मुलगी मी आज दुसऱ्या गोष्टीत काढू शकत नाही.

१९. वेताळाची चित्रं काढून गड्ड्यात विकली तर?

वेताळ म्हणजे कॉमिकमधला मुखवटेधारी नायक, इंग्रजीतला ‘फँटम’. त्याची चित्रं सरावाला हवी तेवढी काढा. मीही इंद्रजाल कॉमिक्स बघूनच शिकले. १९६४ पासून ती निघाली, मराठीतही आली, आणि माझ्या लहानपणी रद्दीच्या दुकानात गठ्ठ्यानं मिळायची. पण विकू नका. वेताळाचा निर्माता ली फॉक १९९९ मध्ये वारला, त्यामुळे हक्क जिवंत आहेत (मुदत प्रश्न १८ मध्ये).

राम, हनुमान, भीम ही पात्रं कुणाच्याच मालकीची नाहीत. मात्र एखाद्या प्रकाशनानं काढलेला ठरावीक हनुमान, ती पोज, तो पोशाख, हे त्यांचं आहे. तुमचा हनुमान तुम्ही शोधा. राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले, त्यांची मूळ चित्रं आता सगळ्यांसाठी खुली आहेत.

२०. मनगट दुखतं. थांबावं का?

हो, आजच. दर पाऊण तासानं उठा, रेघ मनगटातून न ओढता खांद्यातून ओढायला शिका, पान तिरक्या फळीवर ठेवा. बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री दुखून जाग येत असेल तर डॉक्टरांकडे जा. मी हे दुखणं चार महिने अंगावर काढलं आणि नंतर दोन महिने एकही पान काढता आलं नाही.

२१. माझा मुलगा दिवसभर हेच काढत बसतो. अभ्यासाचं काय?

त्याच्या वह्यांची शेवटची पानं बघा, फेकू नका. तारीख घालून ठेवा, सहा महिन्यांनी त्यालाच दाखवा. दहावीनंतर कला महाविद्यालयाचा रस्ता आहे, तो नको असेल तर दुसरं शिकता शिकताही हे करता येतं. आणि त्याला गोष्टी वाचायला द्या. चित्र चांगलं काढणारी मुलं मला पुष्कळ भेटतात, पण चौथ्या चौकटीत काय होणार हे त्यांना माहीत नसतं.

२२. तुमच्याकडे येऊन काम बघता येईल का? शिकवाल का?

शिकवणी घेत नाही, पण रविवारी दुपारी तीननंतर कुणीही यावं. येताना पूर्ण केलेली एक गोष्ट आणा, चार चौकटींची चालेल. सुट्या चेहऱ्यांच्या वह्या मी बघते, पण त्यावर सांगण्यासारखं फार नसतं. लहान मुलांबरोबर मोठं कुणी असावं. येण्याआधी आदल्या दिवशी विचारून घ्या. रविवारी पाणी येणार असेल तर सोमवारी या.